तक्रार आटलेल्या दुधाची, कागदावर मात्र सैतान

ओसरी (धागाकर्ती)

मागे एका चर्चेत कुणीतरी सहज लिहून गेलं की मध्ययुगात चर्चने लाखो चेटकिणी जाळल्या. मी तिथेच उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढत गेलं की शेवटी वेगळा धागाच काढला. विषय गेली दोनेक वर्षं डोक्यात आहे. जितकं वाचते तितका जास्त अस्वस्थ करतो.

पहिली गोष्ट, हे मध्ययुगात घडलं नाही. युरोपातले चेटकीण-खटले खऱ्या अर्थाने पेटले ते साधारण १५६० ते १६५० या काळात. आपल्याकडे अकबर गादीवर आला तेव्हापासून ते शिवरायांनी तोरणा घेतला तोवर. छापखाने जोरात होते, विद्यापीठं होती, गॅलिलिओ दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहत होता. खटल्यांची संख्या नव्वद हजार ते एक लाखाच्या आसपास आणि मृत्युदंड चाळीस ते पन्नास हजार, असा आजच्या बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले जवळजवळ निम्मे जर्मन भाषिक मुलखात.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या चर्चचं म्हणणं अगदी उलट होतं. इ. स. ९०६ च्या सुमारास नोंदलेला एक धर्मनियम आहे, 'कॅनन एपिस्कोपी'. त्यात म्हटलंय की काही बायकांना वाटतं, आपण रात्री डायना देवीबरोबर प्राण्यांवर बसून दूरदूर जातो. हा भ्रम आहे, आणि असलं खरं मानणं हेच पाप. हा नियम पुढे काही शतकं चर्चच्या कायद्यात होता. म्हणजे रात्री उडणाऱ्या बाईवर विश्वास ठेवणाराच चुकीचा होता!

मग हे फिरलं कसं? खेडुतांना करणी माहीत होती, जशी ती सगळ्या जगातल्या खेडुतांना माहीत असते. गाईचं दूध आटलं, लोणी येईना, गारा पडल्या, तान्हं मूल दोन दिवसांत गेलं, की शेजारच्या म्हातारीकडे बोट जायचं. हे भांडण शेजारच्या दोन घरांतलं. पंधराव्या शतकात शिकलेल्या लोकांनी, धर्मशास्त्री आणि न्यायाधीश यांनी, त्यावर एक मोठी इमारत उभी केली: ही बाई एकटी नाही, तिने सैतानाशी करार केलाय, बाप्तिस्मा नाकारलाय, ती रात्री उडत जाऊन मेळाव्यात नाचते, आणि तिथे तिच्यासारख्या शेकडो असतात. १४८६ मध्ये हाइन्रिश क्रॅमर याने लिहिलेलं 'मालेउस मालेफिकारुम' याच विचाराचं सर्वात कुप्रसिद्ध पुस्तक. (हा क्रॅमर आदल्याच वर्षी इन्सब्रुकला खटला चालवायला गेला होता. तिथल्या बिशपने त्याला शहराबाहेर घालवलं आणि पकडलेल्या सगळ्या बायका सुटल्या. त्यानंतर त्याने हे पुस्तक लिहिलं.)

फरक लक्षात घ्या. करणीचा आरोप एका बाईपाशी संपतो. कराराचा आरोप संपत नाही, कारण मेळावा म्हटला की पुढचा प्रश्न तयारच असतो: तिथे अजून कोण कोण होतं? आणि हा प्रश्न अंगठ्यावर शिकंजा पिळत विचारला, की नावं येतातच.

आता ज्या प्रसंगासाठी हा धागा काढला तो. स्पेनच्या नवारा प्रांतात, फ्रान्सच्या हद्दीला लागून, सुगारामुर्दी नावाचं डोंगरातलं बास्क खेडं. १६०८ च्या अखेरीस मारिया दे शिमिल्देगी नावाची वीस वर्षांची मुलगी फ्रान्सच्या बाजूहून तिथे परत आली. मी पलीकडे चेटकिणींच्या मेळ्यात होते, म्हणाली, आणि इथल्याही काही जणांना तिथे पाहिलंय. आधी सगळ्यांनी नाकारलं, मग एक मोडली, मग दुसरी. जानेवारी १६०९ मध्ये काही जणांनी गावच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबुली दिली, शेजाऱ्यांची क्षमा मागितली, शेजाऱ्यांनी ती केली. गावाच्या हिशेबी प्रकरण मिटलं होतं.

पण बातमी लोगरोन्योच्या इन्क्विझिशनपर्यंत, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयापर्यंत, गेली आणि चार बायका उचलल्या गेल्या. मग सहा जण आपण होऊन, आम्ही दडपणाखाली खोटं बोललो हे सांगायला, डोंगर उतरून लोगरोन्योला गेले. त्यांनाही आत टाकलं. या लोकांना फक्त बास्क भाषा येत होती, न्यायालयाला दुभाषे लावावे लागले. तुरुंगात साथ आली, त्यात कितीतरी जण मेले. ७ आणि ८ नोव्हेंबर १६१० ला लोगरोन्योत जाहीर शिक्षासोहळा झाला. सहा जणांना जाळलं, शिवाय तुरुंगात मेलेल्या पाच जणांचे पुतळे जाळले. ते सहाही जण असे होते ज्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. ज्यांनी मेळाव्याची रसभरीत वर्णनं केली ते वाचले. इथे मी दर वेळी थांबते.

न्यायालयात तिघे न्यायाधीश होते. तिसरा सर्वात नवा, आलोन्सो दे सलाझार फ्रियास, कायदा शिकलेला माणूस. निकाल देणाऱ्यांत तोही होता. शंका मात्र त्याला तेव्हाच यायला लागल्या होत्या. १६११ च्या मे महिन्यात माफीचा फतवा घेऊन तो डोंगरात शिरला आणि जानेवारीपर्यंत खेडोपाडी फिरत राहिला. १८०२ माणसं त्याच्यासमोर आली. त्यातली १३८४ मुलं होती, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुली आणि चौदा वर्षांखालचे मुलगे. ८१ जणांनी आधीच्या कबुल्या मागे घेतल्या.

त्याने जे केलं ते साधं होतं. प्रत्येकाला वेगळं विचारलं: मेळावा कुठे भरतो, तिथे गेलास कसा, पाऊस होता का, भिजलास का? उत्तरं जुळेनात. उडण्याच्या मलमाची २२ मडकी गोळा झाली होती. ती वैद्यांकडून तपासून घेतली, जनावरांना खायला घालून पाहिली. कशालाच काही झालं नाही. काही मडकी तर लोकांनी चौकशीवाल्यांच्या तगाद्यापायी घरचंच काहीबाही कालवून बनवली होती. सैतानाशी संग झाला म्हणणाऱ्या मुलींची जाणत्या बायकांकडून तपासणी केली, त्या कुमारिका निघाल्या. मेळाव्याच्या म्हणून सांगितलेल्या रात्री त्याचे कारकून त्या जागेवर जाऊन आले, तिथे कुणीही नव्हतं.

मग त्याने इन्क्विझिशनच्या माद्रिदमधल्या वरिष्ठ परिषदेला लिहिलं की चेटकाची एकही कृती प्रत्यक्षात घडल्याचा पुरावा मला मिळालेला नाही. त्याचं एक वाक्य मला तोंडपाठ आहे: या भागात चेटकिणी नव्हत्या आणि चेटूक झालेलेही नव्हते, जोवर त्याबद्दल बोलणं आणि लिहिणं सुरू झालं नव्हतं.

सलाझारचा सैतानावर विश्वास नव्हता असं समजू नका. पूर्ण होता. त्याने फक्त सैतानाच्या नावाने आलेली साक्ष इतर साक्षींसारखीच तपासली. तुमचं वाचन, मतभेद, दुरुस्त्या, सगळं येऊ द्या.

पानझड

फार सुंदर लिहिलंय, ओसरीताई. आकड्यांबद्दल भर घालतो. 'नव्वद लाख चेटकिणी जाळल्या' हा आकडा अजूनही फिरतो. तो आला गोटफ्रीड क्रिस्तियान फोइग्ट नावाच्या एका जर्मन माणसाच्या १७८४ मधल्या लेखातून. क्वेडलिनबुर्ग या एका गावचे थोडे खटले घेऊन त्याने तेच प्रमाण अख्ख्या युरोपला आणि कितीतरी शतकांना लावलं. पुढे ज्याला ज्याला चर्चला झोडायचं होतं त्याने तो उचलला, नाझींच्या प्रचारातही तो होता. पन्नास हजार माणसं मारली हे पुरेसं भयंकर आहे, फुगवायची गरज नाही.

आणि जाळणं सगळीकडे नव्हतं. इंग्लंडमध्ये फाशी होती. अमेरिकेतल्या सेलमला १६९२ मध्ये एकोणीस जणांना फाशीच दिली, जाळलं एकालाही नाही.

काळाकातळ

लेख आवडला, पण एक बोच आहे. हे वाचून इन्क्विझिशन म्हणजे शहाण्या माणसांचं न्यायालय असं वाटू शकतं. याच संस्थेने धर्म बदललेल्या ज्यूंना जाळलं. आपल्या शेजारी गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, ती बसली होती. लोकांनी घरात तुळस ठेवली, लग्नात जुने विधी केले म्हणून शिक्षा भोगल्या. सलाझारला नायक करताना हे विसरू नये.

ओसरी

तुमची बोच बरोबर आहे आणि ती मला मान्य आहे. संस्था चांगली होती असं मला म्हणायचं नाही. ज्यू आणि मुस्लिम वंशाच्या लोकांना ज्या यंत्रणेने चिरडलं तीच ही यंत्रणा. पण चेटकाच्या बाबतीत तिच्यात एक गोष्ट होती जी जर्मनीतल्या छोट्या छोट्या संस्थानांत नव्हती. वर एक कार्यालय होतं, तिथे कागद जायचा, आणि तिथल्या माणसांचं त्या गावात कुणाशी वैर नव्हतं. १५३८ मध्येच त्या वरिष्ठ परिषदेने आपल्या माणसांना बजावलं होतं की 'मालेउस'मध्ये लिहिलंय ते सगळंच खरं धरू नका. जर्मनीत न्यायाधीश, फिर्यादी आणि घाबरलेला गाव एकाच वेशीच्या आत असायचे. नायकाबद्दल म्हणाल तर, सहा माणसं जाळल्यावर त्याला खात्री झाली. ते ओझं त्याच्याही लिहिण्यात दिसतं.

साक्षीपुरावा

तीस वर्षं फौजदारी वकिली केली, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. जर्मन साम्राज्याचा १५३२ चा फौजदारी कायदा, 'कॅरोलिना', कागदावर वाचला तर फार वाईट नाही. त्यात छळ करण्याआधी सबळ कारण लागायचं, छळात दिलेली कबुली नंतर छळाबाहेर पुन्हा द्यावी लागायची, आणि जाळण्याची शिक्षा इजा करणाऱ्या चेटकाला होती. घात झाला तो एका कल्पनेमुळे: चेटूक हा 'अपवादात्मक गुन्हा' आहे, तो गुप्तपणे होतो, तेव्हा त्याला नेहमीचे पुराव्याचे नियम लावू नयेत. एकदा हे मान्य केलं की संरक्षणाची सगळी कलमं गळून पडतात. सॅक्सनीने १५७२ मध्ये तर नुसत्या करारालाच जाळण्याची शिक्षा ठेवली, कुणाला इजा झालेली असो वा नसो. 'हा गुन्हाच वेगळा आहे, इथे नेहमीचे नियम नकोत' हे वाक्य मी कोर्टात आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडून ऐकलं, आणि दर वेळी मला भीती वाटली.

जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या योहानेस युनियुसचं पत्र कुणी वाचलं नसेल तर सांगतो. हा त्या शहराचा महापौर होता. १६२८ मध्ये पकडला, त्याची बायको आधीच याच आरोपाखाली मारली गेली होती. त्याने सगळं नाकारलं. अंगठे चेपले, दोरीने टांगलं. शेवटी त्याला छळणारा जल्लादच त्याला विनवू लागला की महाराज, काहीतरी रचून सांगा, खरं असो खोटं असो, कारण पुढचं तुम्हाला सोसणार नाही. त्याने रचलं. मग नावं मागितली. शहरातल्या एकेका रस्त्यावरून त्याला मनाने चालत नेलं आणि इथे कोण राहतं, तिथे कोण राहतं असं विचारलं. २४ जुलै १६२८ ला त्याने आपल्या मुलीला, वेरोनिकाला, चोरून पत्र लिहिलं. मी निर्दोष आहे, निर्दोष मरतो आहे. हात इतके मोडले होते की ते लिहायला त्याला कित्येक दिवस लागले. ऑगस्टमध्ये त्याला मारलं. पत्र आजही आहे.

तीन वर्षांनी, १६३१ मध्ये, फ्रीड्रिश श्पे नावाच्या जेझुइट पाद्र्याने नाव न घालता पुस्तक छापलं, 'काउत्सिओ क्रिमिनालिस'. त्याचा मुद्दा असा की आपण सगळे अजून चेटके ठरलो नाही ते केवळ आपल्यावर छळाची पाळी आली नाही म्हणून.

मांडवीकाठ

गोव्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे देवचार आहे. हिंदू घरांत तो गावचा राखणदार. रात्री हातात दांडा आणि खांद्यावर घोंगडी घेऊन वेशीवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. माझी आजी त्याला रोट ठेवायची. आणि आमच्याच वाड्यावरच्या ख्रिस्ती घरात 'देंवचार' म्हणजे सैतान! शब्द एक, गाव एक, माड तेच. लहानपणी मला याचा उलगडाच होत नसे.

फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं. इतकी रसाळ मराठी, ओवीत लिहिलेली, आणि त्यात येशूच्या विरोधात उभा राहणारा तो देवचार. सलाझारच्या अहवालानंतर अवघ्या चार वर्षांनी. मला पुराण मनापासून आवडतं, मराठीची स्तुती करणाऱ्या त्यातल्या ओव्या पाठ आहेत. पण आजीचा राखणदार त्या पानांत कुठल्या बाजूला गेला, हे वाचताना काळजात काहीतरी हलतं.

ओसरी

मांडवीकाठ, तुमच्या या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. अगदी हेच इटलीच्या फ्रिउली भागात घडलं, पण तिथे ते चौकशीच्या कागदांत टप्प्याटप्प्याने दिसतं. तिथे 'बेनान्दान्ती' म्हणवणारे शेतकरी होते, म्हणजे चांगल्यासाठी चालणारे. गर्भाच्या पातळ पडद्यात गुंडाळलेले जन्मले ते बेनान्दान्ती. वर्षातून चार वेळा, ठरलेल्या रात्री, शरीर अंथरुणात ठेवून आपला आत्मा चेटक्यांशी लढायला जातो असं ते सांगत. यांच्या हातात बडीशेपेच्या काड्या, चेटक्यांच्या हातात ज्वारीची ताटं. हे जिंकले तर पीक चांगलं, हरले तर दुष्काळ. १५७५ मध्ये इन्क्विझिशनने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते बिनधास्त म्हणाले, आम्ही तर ख्रिस्ताच्या बाजूने लढतो! न्यायाधीशांना हे कुठल्याच खणात बसवता येईना. ते विचारत राहिले: तुम्हाला बोलावतो कोण? तो देवदूत कशावरून? तिथे कुणाला नमस्कार करता? सत्तर वर्षं हेच प्रश्न. १६४० च्या दशकात त्याच भागातले बेनान्दान्ती सांगू लागले, होय, आम्ही सैतानाच्या मेळाव्याला जातो. पिकाचा राखणदार चेटक्या झाला, तोही स्वतःच्या तोंडून.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टजवळ राहतो. आमच्या लोकलच्या मार्गावर लेओनबेर्ग हे स्टेशन लागतं. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरची आई, काटारीना, तिथली. १६१५ मध्ये गावातल्या एका बाईने आरोप केला की हिने दिलेलं पेय पिऊन मी आजारी पडले. सत्तरीला टेकलेली, विधवा, जडीबुटी देणारी, तोंडाने फटकळ. १६२० च्या ऑगस्टमध्ये तिला पकडलं आणि चौदा महिने ठेवलं, बराच काळ साखळदंडात. केप्लर तेव्हा लिंत्सला होता, ग्रहांच्या गतीचा तिसरा नियम नुकताच छापून झाला होता. सगळं सोडून तो आला आणि त्याने आईचा बचाव उभा केला. प्रत्येक साक्षीदाराच्या बोलण्यातली विसंगती दाखवली, प्रत्येक आजाराला साधं कारण असू शकतं हे मांडलं. सप्टेंबर १६२१ मध्ये जल्लादाने म्हातारीला हत्यारं दाखवली. एकेक शीर उपटून काढलीत तरी कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, अशा अर्थाचं ती बोलली. ऑक्टोबरमध्ये सुटली आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेली.

हा मुलूख ल्यूथरपंथी होता, हेही सांगायला हवं. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनीही हे केलं. आणि हवामानाचा भाग मोठा होता. इथून जवळच वीझेनश्टाइगला १५६२ च्या ऑगस्टमध्ये भयंकर गारपीट झाली आणि पाठोपाठ ६३ बायकांना मारलं. थंड उन्हाळे, सडलेलं धान्य, महागाई, हे त्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा पुन्हा येत होतं.

पानझड

बायकाच का, हे कुणी अजून विचारलं नाही. एकूण पाऊणपेक्षा जास्त बळी स्त्रियाच. पण आइसलंडमध्ये जवळजवळ सगळे पुरुष होते, नॉर्मंडीतही पुरुष जास्त, तिथे मेंढपाळ. कारण आइसलंडच्या लोकांच्या मनात जादू म्हणजे मंत्र आणि अक्षरं, आणि ती पुरुषांची विद्या.

सातपुडा_शाळा

मी नंदुरबार भागात शिक्षिका आहे. डाकीण ठरवलेल्या बायका मी जवळून पाहिल्यात, त्यांच्या मुलींना शिकवलंय. त्यामुळे हा धागा मला इतिहास म्हणून वाचता आला नाही. ओसरीताईंनी लिहिलेली यादी, म्हणजे दूध, मूल, ताप, अगदी तीच असते. आणि बहुतेक वेळा मागे जमिनीचा तुकडा असतो. फरक एकच जाणवला: इथे 'अजून कोण होतं' असं विचारणारं न्यायालय नाही, त्यामुळे ते एका घरावर थांबतं. त्या घरावर मात्र सगळं कोसळतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आल्यापासून निदान पोलिसांत जायला वाट आहे, पण तक्रार लिहायला बाईच्या बाजूने कुणीतरी उभं राहावं लागतं.

सलाझारचं पुढे काय झालं? त्याचं ऐकलं का?

ओसरी

ताई, तुमचं काम या सगळ्या वाचनापेक्षा मोठं आहे.

ऐकलं. आधी दोन सहकाऱ्यांनी त्याला खूप त्रास दिला, सैतानाने याची बुद्धी झाकली इथवर बोलले. पण पाम्प्लोनाच्या बिशपने आधीच स्वतः चौकशी करून हे सगळं थोतांड असल्याचं कळवलं होतं, त्याचा आधार मिळाला. २९ ऑगस्ट १६१४ ला माद्रिदच्या परिषदेने ३२ कलमांच्या सूचना काढल्या, बहुतेक सलाझारच्याच मसुद्यावरून. कबुली मिळाली म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. मूल मेलं, पीक गेलं तर आधी नेहमीची कारणं शोधा. कबुली मागे घेणाऱ्याला त्रास देऊ नका. तिथून पुढे स्पॅनिश इन्क्विझिशनने चेटकासाठी माणसं जाळणं जवळजवळ थांबवलं, तेही बाम्बेर्गच्या आगी पेटायच्या दहा-बारा वर्षं आधी.

त्या सूचनांत लोगरोन्योच्या लोकांबद्दलही आहे. इन्क्विझिशनची रीत अशी होती की शिक्षा झालेल्याचा पिवळा झगा त्याच्या गावच्या चर्चमध्ये नावानिशी टांगून ठेवायचा, म्हणजे नातवंडा-पतवंडांनाही दर रविवारी तो दिसेल. १६१० मध्ये अन्याय झाला हे मान्य करून परिषदेने लिहिलं की या लोकांचे झगे कुठल्याही चर्चमध्ये टांगायचे नाहीत.